रॉबिनहूड हे कोणाचे नाव?



वसंत ऋतूत संध्याकाळी व्याख्याने ऐकायला माणसे जमतात, ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे. सगळ्याच वक्त्यांचे नशीब असे नसते. इंग्लंडात ह्यू लॅटिमर नावाचे एक नामांकित धर्मोपदेशक होऊन गेले. १५४९ साली बालराजा सहावा एडवर्ड ह्याच्यापुढे प्रवचन करताना त्यांनी आपली एक जुनी फजिती सांगितली. एका गावी प्रवचनाला येतो म्हणून त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता. प्रत्यक्ष गेले तो देवळाला कुलूप. अर्धा तास, त्याहूनही अधिक वेळ ते किल्लीची वाट पाहत उभे राहिले. शेवटी एक गावकरी येऊन म्हणाला, आज तुमचे ऐकायला कोणी येणार नाही. आज रॉबिनहूडचा दिवस आहे, सगळे गाव त्याच्यासाठी वर्गणी गोळा करायला गेले आहे. बिचारे लॅटिमर चोराच्या नावापुढे हार मानून चालते झाले. आज माझ्यावर तो प्रसंग आला नाही, ह्याचे कारण एवढेच की मी त्या चोराच्याच बाजूने बोलायला उभा आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांवर का बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत एक लहानसे वाचनालय आहे. एका सभासदाची मुलगी तिथे नेमाने येते. वय पंधरा. एके दिवशी तिने एक इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे आपटले आणि म्हणाली, "काका, हा कसला रॉबिनहूड? ह्याला धड नेमसुद्धा धरता येत नाही!" माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी मी करारनामे आणि निकालपत्रे वाचून शिकलो. तरी ते पुस्तक मी हट्टाने वाचले, मग त्याच्या मागचे दुसरे, त्याच्याही मागचे तिसरे. असा मागे मागे जात मी सातशे वर्षे मागे गेलो. वाटेत जे दिसले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात एका सरकारी कागदापासून करू. १२६१ साली बर्कशर परगण्यातल्या काही फरारी लोकांची नावे दप्तरात आली. त्यांत विल्यम नावाचा एक इसम होता, लोहार रॉबर्टचा मुलगा. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका दप्तरात त्याचे नाव लिहिताना कारकुनाने लिहिले, 'विल्यम रॉबहूड'. म्हणजे त्या कारकुनाला रॉबिनहूड ही गोष्ट ठाऊक होती, आणि फरारी दिसला की त्याला ते नाव चिकटवावे, अशी रीत पडू लागली होती. खरा रॉबिनहूड कोण, ह्याचा शोध इतिहाससंशोधक आजवर घेत आहेत. निर्विवाद असा माणूस कोणाला सापडलेला नाही. पण दप्तरात तो माणूस सापडण्याआधी ते नाव अनेकांच्या अंगावर दिसते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते पहिल्यापासूनच सामायिक नाव आहे.

आता मूळ कथा कशी होती ते पाहू. १३७७ च्या सुमारास विल्यम लँगलंड ह्या कवीने एका आळशी पाद्र्याचे चित्र काढले आहे. त्याला प्रार्थना धड म्हणता येत नाही, पण रॉबिनहूडची गाणी येतात. म्हणजे तेव्हा ती गाणी घरोघर होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १३८१ मध्ये, इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. पुढे १५०० च्या आसपास रॉबिनहूडची एक लांबलचक पद्यकथा छापली गेली. तिच्यातला रॉबिन पाहिला, तर सिनेमातला रॉबिन ओळखणाऱ्याला चकित व्हावे लागते. तो उमराव नाही. तो 'योमन' आहे, म्हणजे सरदारही नव्हे आणि वेठीला जुंपलेला भूदासही नव्हे, असा मधल्या थरातला माणूस. त्याचे बस्तान मुख्यतः यॉर्कशरमधल्या बार्न्सडेल भागात आहे. त्याच्या कथेत मॅरियन नाही. राजा आहे तो एडवर्ड नावाचा आहे. सिंहहृदयी रिचर्ड नाही. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणे हे सूत्रही त्यात आजच्यासारखे ठळक नाही. मात्र तो आपल्या लोकांना ताकीद देतो की नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही. गाठायचे ते बिशपांना, आर्चबिशपांना आणि नॉटिंगहॅमच्या शेरीफला. यॉर्कच्या मठाकडे जमीन गहाण पडलेल्या एका नाइटला तो चारशे पौंड उसने देतो. सावकारी मठ आणि बुडता कर्जदार, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून द्यायला नको.

ह्या गोष्टीच्या मुळाशी जंगलाचा कायदा आहे. नॉर्मन राजांनी मोठमोठे प्रदेश 'राजाचे रान' म्हणून राखून ठेवले. तेथे हरीण मारणे हा गुन्हा, आणि हिरवे झाड तोडणे हाही गुन्हा. ह्या रानांत गावे होती, शेते होती, आणि रानावर जगणारी माणसे होती. १२१७ साली 'रानाची सनद' निघाली, तेव्हा कुठे राजाच्या हरणासाठी कोणाचा जीव घ्यायचा नाही किंवा अवयव तोडायचा नाही, असे लिहून मिळाले. त्याऐवजी दंड, आणि दंड भरता आला नाही तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. राजाच्या रानात हरीण मारून पोटभर जेवणारा माणूस लोकांना का आवडला, ह्याचे उत्तर त्या सनदेतच आहे.

गोष्ट पुस्तकात बसून राहिली नाही. दरवर्षी मे महिन्यात गावोगाव रॉबिनहूडचे खेळ होत. कोणी शिंपी, कोणी सुतार त्या दिवसापुरता रॉबिनहूड व्हायचा आणि गावाच्या कामासाठी वर्गणी गोळा करायचा. पुढल्या वर्षी दुसरा कोणी. लॅटिमरांना अडवले ते ह्याच खेळाने. राज्यकर्त्यांना हे रुचले नाही. स्कॉटलंडच्या संसदेने १५५५ साली ह्या खेळांवर बंदी घातली. तरीही १५६१ साली एडिंबरोच्या कारागिरांनी आणि शिकाऊ पोरांनी खेळ केला. त्यावरून एका चांभार कारागिराला फाशीची शिक्षा झाली. कारागिरांनी आधी रीतसर विनवण्या केल्या. त्या व्यर्थ गेल्यावर त्यांनी फाशीचा खांब मोडला, तुरुंग फोडला आणि आपला माणूस सोडवून आणला. रॉबिनहूडच्या टोळीने करावे असे काम पायताणे शिवणाऱ्यांच्या भाऊबंदांनी करून दाखवले. त्या दिवशी रॉबिनहूड कोण होता? सगळेच होते.

ह्यानंतर गोष्ट लोकांच्या हातून निसटू लागली. १५९८ साली अँथनी मंडे ह्या नाटककाराने लंडनच्या रंगभूमीसाठी दोन नाटके लिहिली. दुसऱ्यात हेन्री चेटल त्याचा भागीदार होता. त्यांत रॉबिन हा हंटिंग्टनचा अर्ल, म्हणजे बडा उमराव झाला. वरवर पाहता हा केवळ पोशाखातला बदल वाटेल. पण त्याने भांडणाचे मूळच बदलले. उमरावाचे गाऱ्हाणे असे असते की माझी जहागीर अन्यायाने गेली. राजा परत आला, जहागीर परत मिळाली, की गाऱ्हाणे मिटले. नांगरवाल्याला परत मिळण्यासारखे काहीच नव्हते. राजा परत आल्यावरही त्याला रानात हरीण मारायची बंदीच होती. पुढे १८१९ मध्ये वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी आली. तिच्यात तो लॉक्सली नावाने साधाच तिरंदाज आहे, हे खरे. पण त्याची लढाई सॅक्सन आणि नॉर्मन अशा दोन वंशांमधली झाली. भुकेचे भांडण वंशाचे झाले.

अशा काळातही ज्यांना त्या नावाची खरी गरज होती त्यांनी ते सोडले नाही. शेरवुडचे रान ज्या नॉटिंगहॅमशर परगण्यात आहे, तिथे मोजे विणणाऱ्या मागवाल्यांची मोठी वस्ती होती. १८११ साली मजुरी उतरू लागली, हलका माल काढणारे माग मालकांनी घातले, तेव्हा त्यांनी रात्री टोळ्या करून ते माग फोडले. मालकांना जी धमकीची पत्रे जात, त्यांवर सही नेड लुड नावाच्या सरदाराची असे. १८१२ च्या अशा एका कागदावर पत्ता आहे, 'नेड लुडची कचेरी, शेरवुडचे रान'. हे वाचताना मी मनाशी हसलो. युनियनची कचेरी थेट रॉबिनहूडच्या घरात! सरकारने नेड लुडचा पुष्कळ शोध केला. तो सापडणार कसा? असा माणूसच नव्हता. मागवाल्यांनी मुद्दाम असा पुढारी निर्माण केला की ज्याला पकडता येत नाही, विकत घेता येत नाही आणि फाशी देता येत नाही. माग फोडणाऱ्यांना देहान्त शासन देणारा कायदा सरकारने १८१२ मध्ये आणला. कवी बायरन ह्याने उमरावांच्या सभागृहात २७ फेब्रुवारीला त्याविरुद्ध भाषण केले. कायदा तरीही झाला आणि माणसे फासावर गेली. त्यांचा मार्ग मला मान्य आहे असे नाही. पण नाव सामायिक ठेवण्याचे शहाणपण त्यांच्याजवळ होते, हे मान्य केले पाहिजे.

आता मुलांच्या पुस्तकांकडे येऊ. अमेरिकेत हॉवर्ड पाइल ह्याने १८८३ साली स्वतःच्या चित्रांसह रॉबिनहूडचे सुंदर पुस्तक काढले. नंतरच्या बहुतेक बालपुस्तकांवर त्याची छाप आहे. त्याचा रॉबिन हसतमुख आहे, रान नेहमी हिरवेगार आहे, आणि अखेरीस राजा त्याला अर्ल करतो. ह्या गोड चित्राला पहिला मोठा धक्का दिला तो जेफ्री ट्रीझ ह्याने. हा नॉटिंगहॅमचाच, ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडलेला, पंचविशीतला तरुण. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, त्याने 'बोज अगेन्स्ट द बॅरन्स' ही कादंबरी मुलांसाठी लिहिली. तिचा नायक डिकन हा भूदासाचा पोरगा; राजाचे हरीण मारून तो रानात पळतो. त्या रानात थंडी आहे, भूक आहे आणि धनी-चाकर हा भेद मोडण्याची भाषा आहे. शेवटी रॉबिन मरतो, उठाव चिरडला जातो, आणि उरलेल्यांना काम पुढे न्यावे लागते. ती भाषा कधीकधी पत्रकासारखी होते, हा दोष मी कबूल करतो. पत्रके मीही पुष्कळ लिहिली आहेत. पण राजा येऊन सगळे नीट करील, हे आश्वासन त्याने मुलांना दिले नाही.

ही भीती निराधार नव्हती की गोष्टीत अजून दारू भरलेली आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक समितीवरील एका सदस्य बाईंनी रॉबिनहूड शाळांतून काढून टाकावा असे सुचवले. श्रीमंतांचे काढून गरिबांना देणे हा साम्यवाद आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर तिथल्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी कोंबडीची पिसे हिरवी रंगवून आवारात वाटली. त्याच सुमारास अमेरिकेत ज्या चित्रपटलेखकांना त्यांच्या राजकीय मतांमुळे काम मिळत नव्हते, त्यांपैकी रिंग लार्डनर धाकटे आदी मंडळींनी खोट्या नावांनी लिहून पोट भरले. कशावर लिहिले? १९५५ पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर चाललेल्या रॉबिनहूडच्या मालिकेवर. कायद्याबाहेर घातलेल्यांनीच कायद्याबाहेरच्याची गोष्ट लिहावी, असा तो योग होता.

त्यानंतरचा टप्पा अद्भुताचा. १९८४ साली रिचर्ड कार्पेंटर ह्याने दूरचित्रवाणीसाठी 'रॉबिन ऑफ शेरवुड' लिहिले आणि त्यात हर्न नावाचा शिंगांचा शिरपेच घातलेला वनदेव आणला. तो शेतकऱ्याच्या पोराला निवडतो आणि त्याला आपला पुत्र म्हणतो. पहिला रॉबिन मारला गेल्यावर १९८६ मध्ये त्याची जागा हंटिंगडनच्या अर्लचा मुलगा घेतो. गंमत पाहा: मंड्याचा उमराव चारशे वर्षांनी मागच्या दाराने परत आला. पण त्याच मालिकेने एक गोष्ट बरोबर ओळखली होती, की रॉबिन मेला तरी नाव मरत नाही, दुसरा ते घेतो. माझी तक्रार आहे ती देवाच्या निवडीबद्दल. देवाने निवडलेला पुढारी म्हटला की बाकीच्यांना हात जोडून उभे राहण्यापलीकडे काम उरत नाही.

कादंबरीकर्त्या बायकांनी मात्र ह्या रानाचा वेगळाच उपयोग केला. थेरेसा टॉमलिन्सन ह्यांची 'द फॉरेस्टवाइफ' १९९३ ची. लादलेल्या लग्नातून पळालेली पंधरा वर्षांची मुलगी आपल्या दाईसह रानात येते. तिथे औषधपाणी करणारी, अडल्यानडल्याला आसरा देणारी एक 'रानबाई' असते. हे एका बाईचे नाव नव्हे, ते पद आहे. एक गेली की दुसरीने ते उचलायचे, आणि ती मुलगीच पुढे ते उचलते. नॅन्सी स्प्रिंगर ह्यांची 'रोवन हूड' २००१ ची. तिच्यात वनवासी अद्भुत रक्ताच्या आईला जहागीरदाराची माणसे मारतात. मुलगी पोराचा वेश घेऊन आपल्या बापाला, म्हणजे रॉबिनहूडला, शोधत निघते. बाप सापडतो. पण ती त्याच्या सावलीत राहत नाही. स्वतःची लहानशी टोळी उभी करते. अशा पुस्तकांना पळपुटी स्वप्ने म्हणून हिणवणारे आमच्यातही आहेत. मी त्यांना विचारतो, मॅरियन मूळ कथेत नव्हतीच, मे महिन्याच्या खेळांतून ती मागाहून आत आली. मग आणखी चार मुली आत आल्या तर तुमचे काय बिघडले? जे नाव सगळ्यांचे आहे त्यावर मुलींचा हक्क नाही काय?

आणि आता ते पुस्तक, जे त्या मुलीने माझ्यापुढे आपटले. रॉबिन मॅकिन्ली ह्या अद्भुत कादंबऱ्यांसाठी गाजलेल्या लेखिकेची 'द आउटलॉज ऑफ शेरवुड', १९८८ ची. गंमत अशी की तिच्यात जादू अजिबात नाही. ह्यातला रॉबिन सरकारी रानात उमेदवारी करणारा राखणदार आहे आणि तिरंदाजीत बेताचाच. जीव वाचवायला सोडलेला बाण नको तिथे लागतो, माणूस मरतो आणि तो फरारी होतो. त्याला पुढारी व्हायचे नसते. मित्र त्याला गळ घालतात की लोकांना एक नाव हवे आहे. मग तो काय करतो? निवारा कुठे बांधायचा, धूर दिसणार नाही अशी चूल कशी पेटवायची, पहारा कोणाचा, संडास कुठे खणायचे, नव्याने आलेल्यांना खायला काय द्यायचे, ह्यांची चिंता करतो. नेमबाजीत पटाईत आहे ती मॅरियन. स्पर्धेत रॉबिनहूड म्हणून जो तीर मारतो, लोक ज्याची कहाणी गातात, ती खरी मॅरियन असते. म्हणजे एक माणूस चुली आणि पहारे सांभाळतो, दुसरी बाण मारते, आणि दोघांचे मिळून नाव रॉबिनहूड.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ स्वस्थ बसलो. कारण मला माझी एक चूक आठवली. पंचवीस वर्षे होऊन गेली असतील. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमचा संप चालू होता. मी नवा, उत्साही. मागणीपत्र मी लिहिले, बोलणी मी केली, तारखांना मी गेलो, फायली माझ्या पिशवीत. गेटसभेत माझ्या नावाचा जयजयकार झाला की बरे वाटे, हे लपवत नाही. चाळिसाव्या दिवशी मला विषमज्वर झाला आणि तीन आठवडे मी अंथरुणाला खिळलो. उठून गेटावर गेलो तेव्हा संप संपला होता. माणसांनी एकेकट्याने कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. कोणत्या कागदांवर, हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते. एक वयस्क फिटर मला म्हणाला, "तुम्ही नव्हता ना." त्याने हे रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. मालक वागला तो मालकासारखा. पण ती माणसे हरली, कारण मी त्यांना टोळी होऊ दिले नव्हते. मी त्यांचा उत्तम नेमबाज होऊन बसलो होतो. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो आजवर पाळला आहे: फाईल नेहमी दोघांजवळ, बोलणीला नेहमी पाच जण, आणि दरवर्षी नवा चिटणीस.

आपल्याकडेही हे नाव आलेले आहे. निमाड-खानदेशाच्या रानात सावकारांना आणि सरकारला सळो की पळो करणाऱ्या तंट्या भिल्लाला १८८९ साली जबलपुरास फाशी झाली. त्याला पकडल्याची बातमी देताना एका अमेरिकन वृत्तपत्राने त्याला हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटले. गौरव म्हणून ते ठीक आहे. पण त्याच्या लोकांनी त्याला जे नाव दिले ते जास्त खरे होते. ते त्याला मामा म्हणत. मामा म्हणजे ज्याच्याकडे हक्काने जावे आणि ज्याचे आपण भाचे, म्हणजे वारस, लागतो. मुंबईच्या गिरणगावात वावरलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली, तेव्हा त्यांनाही इंग्लंडातला अर्ल उसना आणावा लागला नाही. भुकेल्या वस्तीसाठी खजिना लुटणारा तो मांगाचा पोर वस्तीपासून कधी सुटा झालाच नाही.

त्या मुलीला मी काय उत्तर दिले, ते सांगून पुरे करतो. मी म्हटले, "बाळ, ह्याला नेम धरता येत नाही, म्हणूनच ह्याला माणसे लागतात." ती म्हणाली, "मग गोष्ट त्याच्या नावाची कशाला?" मी म्हटले, "ते त्याचे नाव नाही. ज्याची पाळी त्याचे ते नाव." तिला हे पटले की नाही कोण जाणे. पुढल्या आठवड्यात तिने वाचनालयाच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे आपल्या दोन मैत्रिणींची नावे लिहिली आणि मला बजावले की पुस्तक परत यायला वेळ लागेल. तिघी पाळीपाळीने वाचणार आहेत.